दात खाणं आणि दात काढणं

“रात्री झोपेत दात खाता का?” दंतवैद्यांनी विचारलं.

“रात्रीच. दिवसपाळीत सवड मिळत नाही,” मी म्हणाले.

ते हसले नाहीत. छोटा आरसा गालात सरकवून त्यांनी एकेक दाढ पाहिली, मदतनीस बाईंना काही आकडे सांगितले आणि खुर्ची सरळ केली. डावीकडच्या दाढांचे उंचवटे झिजून सपाट झाले होते. कानापुढचा जबड्याचा स्नायू त्यांनी दोन बोटांनी नुसता दाबला, तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हा स्नायू चावण्याच्या कामासाठी आहे, तुम्ही त्याला रात्रभर जुंपता, असं ते म्हणाले. त्यावर मी ओव्हरटाइमबद्दल काहीतरी बोलले. तेव्हा त्यांनी तोंडावरचा मास्क खाली घेतला.

“मी तीन प्रश्न विचारले. तुम्ही तीन विनोद केलेत. दुखतं की नाही, ते अजून सांगितलेलं नाही.”

मी म्हटलं, दुखतं. सकाळी उठल्यावर सगळ्यात जास्त. घास चावताना कट्‌ असा आवाज येतो. डोकंही धरतं. हे सगळं मी त्याआधी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, कारण सांगायला लागलं की वाक्याच्या शेवटी कोटी यायची आणि ऐकणारा हसून निघून जायचा.

रात्री दातांवर बसवायचं एक पारदर्शक कवच त्यांनी मापानं करून दिलं. देताना बजावलं, “हे दात वाचवील. दात खाणं थांबवणार नाही. ते का चाललंय, ते तुम्हीच बघा.”

का चाललं होतं ते मला ठाऊक होतं. मी तक्रार विभागात काम करते. कंपनी कशाची, याला महत्त्व नाही. चिडलेल्या माणसाचा आवाज सगळीकडे सारखाच असतो. बारा खुर्च्या, दहा माणसं. दोन जागा भरायच्या आहेत असं मी ऐकत होते त्याला दीड वर्ष झालं होतं. समोर भिंतीवर पडदा, त्यावर रांगेत ताटकळणाऱ्या कॉलचा आकडा. दहाच्या वर गेला की तो लाल होतो, आणि आमच्याकडे तो हिरवा होता हे सांगणारं जुनं माणूस आता निवृत्त झालं आहे. दिवसभर आम्ही लोकांपुढे दाताच्या कण्या करतो. आवाज चढवायचा नाही, वाद घालायचा नाही, फोन आपण आधी ठेवायचा नाही. तिकडून शिवी आली तरी “आपली गैरसोय झाली याबद्दल दिलगीर आहोत” हे वाक्य हसऱ्या आवाजात म्हणायचं. हसरा आवाज खरोखर मोजतात. महिन्याच्या गुणपत्रिकेत त्याचा रकाना आहे.

या सगळ्यात मी विभागाची विदूषक होते. नकला हे माझं हत्यार. साहेबांची खोकण्याची ढब, मनुष्यबळ विभागातल्या बाईंचं “आपण यावर नक्की विचार करू”, फोनवरच्या नेहमीच्या तक्रारदारांचे हेल, काय म्हणाल ते. म्यूटचं बटण दाबायचं, एक नक्कल फेकायची, शेजारणीची मुरकुंडी वळवायची, बटण सोडायचं आणि “हं, बोला” म्हणायचं. मला वाटायचं, दहा माणसांना मी एकटी तगवून धरलं आहे. थोडंफार खरंही होतं ते.

मग एका दुपारी एका गृहस्थांचा फोन आला. त्यांची आई आठ महिन्यांपूर्वी गेली होती. मृत्यूचा दाखला त्यांनी आम्हाला तीनदा पाठवला होता. तरी त्या दिवशी आईच्या नावानं आमचं पत्र आलं होतं: पंचवीस वर्षांच्या सोबतीबद्दल अभिनंदन. त्यांनी ते फोनवर वाचून दाखवलं. सावकाश, एकेक शब्द. “पुढची पंचवीस वर्षंही आपण अशाच आमच्यासोबत राहाल अशी आशा आहे.”

आणि मला हसू फुटलं. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. तो त्या दिवसाचा एकसष्टावा कॉल होता, आदल्या रात्री मी तीन तास झोपले होते आणि ते वाक्य भयंकर होतं. मला वाटलं, म्यूट दाबलं आहे. दाबलेलं नव्हतं.

“तुम्ही हसलात?”

मी नाही म्हटलं. प्रत्येक कॉल ध्वनिमुद्रित होतो.

कॉलेजात मला संस्कृत होतं. त्या रात्री झोप येईना म्हणून भरताच्या नाट्यशास्त्रातला सहावा अध्याय काढला. हास्याचे सहा प्रकार तिथे दिले आहेत आणि लहानपणी पाठ केलेली नावं अजून ओळीनं आठवतात: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिली दोन उत्तम प्रकृतीच्या माणसांची, मधली दोन मध्यमांची, शेवटची दोन अधमांची. गंमत अशी की भरतमुनी हे दातांवरूनही मोजतो. स्मितात दात दिसत नाहीत, हसितात किंचित दिसतात. उपहसितात नाकपुड्या फुलतात, नजर वाकडी होते. आणि अपहसित म्हणजे अस्थानी हसणं, डोळ्यांत पाणी, खांदे आणि डोकं गदगदा हलतंय. माझी त्या दुपारची अवस्था कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी समोर बसून लिहून घेतल्यासारखी. अधम या शब्दापाशी मी पुस्तक मिटलं.

लेखी तक्रार आली. साहेबांनी बोलावलं, ध्वनिफीत ऐकवली, आणि कंपनीनं नेमलेल्या समुपदेशक बाईंकडे सहा वेळा जायला सांगितलं. शिक्षा म्हणून की काळजी म्हणून, ते त्यांनाही माहीत नसावं.

पहिल्या भेटीत मी अर्थातच त्यांना हसवलं. त्या मनापासून हसल्या, मग म्हणाल्या, “छान. आता दोन आठवडे एक वही ठेवा. जेव्हा जेव्हा हसाल तेव्हा चार गोष्टी लिहायच्या. किती वाजले होते, बरोबर कोण होतं, कुणी काय म्हटलं, आणि हसू कुणावर होतं.”

मला वाटलं होतं, वही विनोदांनी भरेल आणि मी ती छापायला देईन. चौदा दिवसांनी ती वाचली तेव्हा इतकी नीरस वही मी जन्मात पाहिली नव्हती. “९.१०. शेजारीण. प्रिंटर पुन्हा मेला. दोघी हसलो.” “११.४०. शिपाईकाका. ‘आलात का?’ म्हणाले. हसले.” “२.२०. तिघी. ‘मग काय तर!’ हसलो.” शंभरावर नोंदी, आणि विनोद म्हणता येईल असं त्यांत फार थोडं. यात काय हसण्यासारखं होतं, हे मलाच कळेना.

बाईंना मात्र आश्चर्य वाटलं नाही. रॉबर्ट प्रोवाइन नावाच्या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञानं आपल्या विद्यार्थ्यांना बाजारात, रस्त्यावर, कॉलेजच्या आवारात पाठवून माणसं नेमकी कशावर हसतात हे टिपून घेतलं होतं, असं त्यांनी सांगितलं. सुमारे १,२०० प्रसंग जमले. त्यांत विनोदासारखं काही बोललं जाऊन हसू आलं, असे प्रसंग वीस टक्क्यांहूनही कमी. बाकी सगळं “चला, निघते मी” आणि “अगं, तू इथे कशी?” या जातीचं. ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसतो. आणि माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो. म्हणजे हसणं ही मुळात गमतीची पावती नव्हेच. “मी इथे आहे, तूही आहेस, आपलं बरं चाललंय” एवढंच ते सांगत असतं. म्हणून प्रिंटर.

हे ऐकून मला थोडा अपमान वाटला. दहा माणसांना तगवून धरणारी मी, आणि निम्मं काम प्रिंटर करत होता.

मग बाईंनी चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं. कुणावर? जिथे जिथे मी स्वतः काही बोलले होते आणि लोक खदखदून हसले होते, तिथे त्या रकान्यात जवळजवळ दर वेळी कुणा माणसाचं नाव होतं. माझं स्वतःचंही बऱ्याचदा. “माझं काय, मी तर मठ्ठच,” असलं काहीतरी. त्यांनी एक प्रश्नावली भरून घेतली. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००३ मध्ये प्रसिद्ध केली. बत्तीस विधानं, प्रत्येकापुढे एक ते सात असे गुण. विनोद किती चांगला जमतो हे त्यात विचारतच नाहीत, तो कशासाठी वापरता हे विचारतात. माणसं जोडायला, स्वतःला सावरायला, दुसऱ्याला टोचायला, की स्वतःलाच खाली पाडून इतरांची मर्जी राखायला. माझे शेवटचे दोन डोंगर, पहिला टेकडी आणि दुसऱ्याच्या जागी खड्डा.

“कुणी ऐकायला नसताना,” त्यांनी विचारलं, “स्वतःच्या फजितीची तुम्हाला स्वतःलाच गंमत वाटते का? एकटीला?”

मी पुष्कळ विचार केला. एकटी असताना मी दात खाते.

वहीतल्या चौथ्या रकान्यात एक नाव सतरा वेळा होतं. आमच्याकडे नव्यानं लागलेला एक मुलगा होता. त्याला प्रत्येक वाक्य “म्हणजे बघा, कसं आहे” असं सुरू करायची सवय. आता ही सवय म्हणजे नकलाकाराला मिळालेलं आंदणच. तो बैठकीत बोलायला तोंड उघडायचा आणि मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाहून हळूच म्हणायचे, “म्हणजे बघा...” हशा. तोही हसायचा. खिलाडू आहे पोरगा, असं मी इतरांना सांगायचेसुद्धा.

वही लिहायला लागल्यावर मी पहिल्यांदा हसणाऱ्यांचे चेहरे बघू लागले. द्युशेन या फ्रेंच वैद्यानं १८६२ मध्ये लिहून ठेवलं आहे की ओठांची टोकं वर ओढणारा स्नायू आपल्या हुकमात असतो, पण डोळ्याभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदालाच जागतो. हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी वाचल्याशिवायच दिसलं. सगळे हसत होते, त्याचेही दात दिसत होते आणि डोळे तसेच्या तसे, पाटीसारखे कोरे. मग आणखी एक लक्षात आलं. दोन महिन्यांत तो बैठकीत एकदाही आपणहून बोलला नव्हता.

हसतील त्याचे दात दिसतील, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याच्यावर हसतात त्याच्या धीरासाठी ती आहे. हसणारीनं ती स्वतःला कधी लावून बघायची, हे म्हण सांगत नाही.

जिन्यात गाठून त्याची माफी मागितली. माफी मागतानाही जिभेवर एक कोटी आली होती, ती गिळली. गिळताना घशाला लागली. तो म्हणाला, “मॅडम, नकलेचं काही नाही हो. माझी बहीण तुमच्यापेक्षा चांगली करते. पण तुम्ही केलीत की सगळे माझ्याकडे वळून बघायचे आणि मी काय बोलणार होतो तेच विसरायचो.” एवढं बोलून तो खाली गेला. माफ केलं, असं म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

नकला बंद केल्या तर विभाग सुतकात गेल्यासारखा झाला. शेजारीण म्हणाली, “अगं, तुला बरं नाहीये का? समुपदेशनानं तू आणखी आजारी पडलीस की काय?” भिंतीवरचा आकडा लालच होता. आणि म्हणून, किंवा त्या लेखी तक्रारीमुळे असेल, मनुष्यबळ विभागानं आमच्यासाठी हास्यसत्र ठेवलं.

या सत्राबद्दल मला निंदानालस्ती करायची होती, पण प्रामाणिकपणे करता येत नाही. सुरुवात वाईट झाली, एवढं नक्की. प्रशिक्षक उत्साही होते. त्यांनी सगळ्यांना पेन आडवं करून दातांत धरायला लावलं. चेहरा हसरा झाला की मेंदूला वाटतं आपण आनंदात आहोत, असं म्हणाले. १९८८ मध्ये असा प्रयोग झाला होता खरा, आणि पेन दातांत धरलेल्यांना व्यंगचित्रं जास्त विनोदी वाटली होती. पण २०१६ मध्ये सतरा प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. हे प्रशिक्षकांना कुणी सांगितलं नसावं. माझ्या बाबतीत परिणाम लगेच दिसला: जबड्यातून कळ गेली आणि पेनवर दातांचे व्रण उमटले. ते पेन कार्यालयाचं होतं. अजून वापरात आहे.

त्यानंतर मंडळ करून, टाळ्या वाजवत “हो हो, हा हा हा”. कारण नसताना हसायचं. ही पद्धत डॉ. मदन कटारिया यांची, मुंबईतल्या एका बागेत १३ मार्च १९९५ रोजी पाच जणांनिशी सुरू झालेली. तिचा उगम मला फार शिकवून गेला. सुरुवातीला ही मंडळी बागेत रोज एकमेकांना विनोद सांगून हसत. थोड्याच दिवसांत चांगल्या विनोदांचा साठा आटला आणि जे उरले ते कुणाला तरी बोचणारे किंवा अश्लील निघू लागले. माणसं दुखावली. तेव्हा कटारियांनी विनोदच काढून टाकले आणि नुसतं हसणं ठेवलं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा वाटलं, बागेतल्या अनोळखी पाच जणांना पंधरवड्यात जे उमगलं त्याला मला अकरा वर्षं लागली.

आमच्या सत्रात पहिली दहा मिनिटं सगळ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. हिशेब विभागाचे प्रमुख मंडळात समोरच उभे होते. अतिशय करडा माणूस. त्यांनी ठरवलं होतं की कंपनीनं सांगितलं आहे तर हसायचं. ते ताठ उभे राहून, भुवईसुद्धा न हलवता, ताळेबंद वाचावा तसे म्हणत होते: “हा. हा. हा.” प्रत्येक हा सुटा. जणू खाली बेरीज मांडायची आहे. शेजारणीनं माझा हात घट्ट धरला. मी ओठ चावला. मग प्रमुखांनीच मान वर करून आमच्याकडे पाहिलं, त्यांच्या नाकातून एक फस्सकन आवाज निघाला आणि पुढची पाच मिनिटं कुणी कुणाच्या हातात राहिलं नाही. माझ्या बरगड्या दुखल्या. आणि जबडा सैल. खळखळून हसताना दात आवळून धरून बघा, जमत नाही. हसणं म्हणजे मुळात श्वास हिसक्या-हिसक्यानं बाहेर फेकणं, त्याला तोंड उघडावंच लागतं. कितीतरी दिवसांनी मला माझा जबडा जागेवर आहे हे दुखल्याशिवाय जाणवलं.

पण तो हशा प्रमुखांवर होता का? वहीच्या चौथ्या रकान्याशी मी बराच वेळ अडले. शेवटी लिहिलं, “सगळ्यांवर.” ते स्वतः सगळ्यात जास्त हसले होते, डोळ्यांसकट.

दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा लाल. सत्राचा परिणाम संपला. असली सत्रं तिमाहीतून एकदा होतात आणि कॉल रोज साठ येतात, त्याला कोण काय करणार! रोजच्या हाताशी काहीतरी हवं होतं. ते योगायोगानं मिळालं. शेजारीण ग्राहकाला ठरीव उत्तर पाठवत होती: “आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.” ते पाठवून झाल्यावर तिनं स्वतःशीच पुढचं वाक्य म्हटलं, “इतकी महत्त्वाची, की ती आम्ही अजून कुणालाही दाखवलेली नाही.”

मी म्हटलं, हे लिहून ठेव.

अशी “न पाठवलेली उत्तरं” सुरू झाली. एक जाड वही, प्रिंटरशेजारी. कॉल संपला आणि अंगात काही उरलं, की तिथे जाऊन लिहायचं. शुक्रवारी पाळी बदलताना पंधरा मिनिटं वाचायचं. नियम आम्ही केले नव्हते, ते होत गेले. दुसऱ्याच आठवड्यात कुणीतरी एका तक्रारदार बाईंच्या आवाजावर लिहिलं, वाचलं, दोघं-तिघं हसले आणि मग खोलीत एक विचित्र शांतता पसरली. ते पान कुणी फाडलं नाही, पण तसं पुन्हा कुणी लिहिलं नाही. फोन करणारा माणूस वहीत येत नाही. आमची पत्रं, आमचे अर्ज, आमच्या यंत्रणा आणि आम्ही स्वतः, एवढेच येतो. काही नमुने:

“आपला कॉल रांगेत आहे. आपल्यापुढे सव्वीस जण आहेत. त्यांपैकी तिघे मागच्या महिन्यातले आहेत. कृपया त्यांना नमस्कार सांगावा.”

“आपला प्रश्न वरिष्ठांकडे पाठवला आहे. वरिष्ठांनी तो त्यांच्या वरिष्ठांकडे पाठवला आहे. सध्या तो बराच उंचीवर असून तिथून आपलं घर दिसतं.”

“मी यंत्र नाही, माणूस आहे. खात्रीसाठी: मला आत्ता घरी जायचं आहे.”

हे तुम्हाला फारसं हसवणार नाही, याची कल्पना आहे. आम्हाला हसवायचं, कारण त्या सव्वीस जणांपैकी प्रत्येकाशी आमच्यातलं कुणीतरी बोललेलं असायचं.

त्या मुलानं बरेच आठवडे काही लिहिलं नाही. मग एका शुक्रवारी वहीत त्याचं अक्षर दिसलं. मृत ग्राहकाचं खातं बंद करण्याचा आमचा अर्ज त्यानं जसाच्या तसा उतरवून काढला होता. विनोद करायची गरजच नव्हती. रकाना सहा: खातेदाराची सही, अनिवार्य. रकाना सात: सही नसल्यास खातेदाराने कारण स्वतः लिहावे. तो वाचायला उभा राहिला आणि म्हणाला, “म्हणजे बघा, कसं आहे,” मग थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि वाट बघू लागला. मी गप्प. तो म्हणाला, “मॅडम, आज चालेल.” तेव्हा कुठे मी म्हटलं, आणि हशा पिकला. रकाना सातपाशी आम्ही पोट धरून टेबलावर डोकी टेकली होती.

हसू ओसरल्यावर माझ्या पोटात खड्डा पडला. तो दाखला तीनदा का पाठवावा लागला होता, ते आत्ता कळलं. सही नाही, म्हणून अर्ज अपूर्ण, म्हणून खातं चालू, म्हणून अभिनंदन. आम्ही सगळ्यांनी तो अर्ज शेकडो वेळा हाताळला होता, पण नीट वाचला कुणीच नव्हता. कदाचित हसण्यासाठी वाचल्याशिवाय तो वाचला गेलाच नसता. अर्जाची प्रत आणि एक टिपण मी वर पाठवलं. रकाना सहा जायला चार महिने लागले. त्या गृहस्थांना मी स्वतःच्या सहीनं पत्र लिहिलं, हसले होते हे कबूल करून. उत्तर आलं नाही.

मधल्या काळात रात्रींचा प्रश्न तसाच होता. एका मैत्रिणीनं नॉर्मन कझिन्स यांची हकिकत पाठवली. अमेरिकन संपादक, १९६४ मध्ये सांध्यांच्या भयंकर दुखण्यानं अंथरुणाला खिळले, रुग्णालय सोडून हॉटेलात राहायला गेले आणि विनोदी चित्रपट लावून हसत सुटले. दहा मिनिटं पोटभर हसलं की दोन तास वेदनेशिवाय झोप लागते, असा त्यांचा अनुभव. १९७६ मध्ये त्यांनी तो वैद्यकांच्या मान्यवर नियतकालिकात लिहिला, तेव्हापासून हसण्यानं रोग बरे होतात असं म्हणणारा प्रत्येक जण त्यांचं नाव घेतो. क जीवनसत्त्वाचे भले मोठे डोसही त्यांना चालू होते, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. एका माणसाच्या बरं होण्यावरून मी काही सिद्ध करणार नाही. पण दहा मिनिटांत दोन तास म्हणजे सौदा वाईट नव्हता.

मी करून बघितलं. रात्री अंथरुणात एकटी, फोनच्या पडद्यावर विनोदी चित्रफिती, चेहरा मढ्यासारखा. तीसपटीचं गणित इथेही लागू होतंच की. चौथ्या रात्री कंटाळून बहिणीला फोन लावला. लहानपणी आम्ही दोघींनी आजोबांच्या कवळीचं केलेलं एक प्रकरण आहे (ते इथे लिहिण्यासारखं नाही), ते तिनं नव्यानं सांगायला घेतलं आणि दर वेळी ती शेवट बदलते तसा बदलला. तेव्हापासून बहुतेक रात्री पंधरा मिनिटं फोन असतो. विनोद फारसे होत नाहीत. “मग काय तर!” असं म्हणतो आणि हसतो. झोप सुधारली. दोन तास नव्हे, पण उठल्यावर डोकं धरणं महिन्यातून चार-पाच वेळांवर आलं. कवच मात्र अजून लावते.

वहीची बातमी वर गेली, आणि जे व्हायचं ते झालं. साहेब खूष. “आपण याला ‘हसरा शुक्रवार’ म्हणू. भिंतीवर फलक लावू, दर महिन्याला सर्वोत्तम उत्तराला बक्षीस देऊ, इतर विभागांतही सुरू करू.” मी विचारलं, रिकाम्या दोन खुर्च्यांचं काय? ते हसले. “तुमचा विभाग तर सगळ्यात आनंदी आहे हो! इतके हसता, म्हणजे ताण नाहीच म्हणायचा.”

हसण्यावारी नेणं हा वाक्प्रचार मी आयुष्यभर वापरत आले, पण तो आपल्यावर चालवला जातो तेव्हा कसा लागतो, ते तिथे कळलं. त्यांचंही मी समजू शकते. त्यांनाही वरून कुणीतरी आकडे विचारत असणार. पण दहा माणसांच्या हशातून दोन माणसांचं काम निघत नाही. आम्ही हसत होतो ते ताण नव्हता म्हणून नव्हे. मी तसं म्हणाले, एकही कोटी न करता, आणि साठ कॉल, दहा माणसं, दीड वर्ष हे तीन आकडे कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवले. बैठक लगेच संपली. फलक लागला नाही. वही आम्ही प्रिंटरशेजारून उचलून खणात ठेवली. दोनपैकी एक खुर्ची तीन महिन्यांनी भरली. दुसरीवर अजून प्रिंटरचे कागद असतात.

नकला मी पूर्ण सोडल्या नाहीत. साहेबांची खोकण्याची ढब अधूनमधून निघते. ते ऐकत नाहीत तेव्हा, हे कबूल. समुपदेशक बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुम्ही संत व्हावं असं कुणी सांगितलं होतं?

गेल्या आठवड्यात दंतवैद्यांकडे वर्षाची तपासणी होती. त्यांनी कवच उजेडात धरून फिरवून पाहिलं. व्रण आहेत, पण मागच्या खेपेइतके खोल नाहीत, म्हणाले. मग विचारलं, दुखतं का? मी म्हटलं, “हो. डावीकडे. मागच्यापेक्षा कमी. हिवाळ्यात जास्त.” त्यांनी मान डोलावली, खुर्ची मागे केली, तोंडात आरसा घातला, लाळ ओढणारी नळी गालात अडकवली.

“ते तुम्ही पहिल्या दिवशी काय म्हणाला होतात हो?” दाढ ठोकत ते म्हणाले. “दिवसपाळीचं काहीतरी. परवा पाहुण्यांना सांगायला गेलो आणि नेमकं शेवटचं वाक्य आठवेना. सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले.”

मी सांगायचा प्रयत्न केला. तोंडात नळी होती.